सर्जनशीलतेची मशागत : राजशेखराची कविचर्या आणि यवतमाळचे दोन मांडव

मराठी समीक्षाव्यवहारात 'सर्जनशीलता' ही संज्ञा जितक्या मोकळेपणाने वापरली जाते, तितक्या प्रमाणात तिची चिकित्सा होताना दिसत नाही. एखाद्या कवीच्या संदर्भात ती वापरली की पुढे काही सांगण्याची आवश्यकता उरत नाही, असा एक संकेतच रूढ झाला आहे. सर्जनशीलता ही जन्मजात देणगी; ती ज्याच्यापाशी आहे त्याच्यापाशी आहे, ज्याच्यापाशी नाही त्याच्यापाशी नाही; समाजाचे आणि शिक्षणसंस्थांचे काम एवढेच की, ती कोणापाशी आहे हे हुडकून काढावे आणि त्याच्या गळ्यात हार घालावा. काव्यलेखन स्पर्धा, नवोदितांचे मेळावे, युवक महोत्सव ही सारी यंत्रणा या एकाच गृहीतकावर उभी आहे. हे गृहीतक तपासून पाहण्यास यवतमाळइतके उचित स्थळ क्वचितच सापडेल. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मांडव या गावात दोनदा पडला, १९७३ मध्ये आणि २०१९ मध्ये; आणि दोन्ही वेळा व्यासपीठावर जी व्यक्ती होती, तिच्यामुळे सर्जनशीलतेविषयीची प्रचलित धारणा अडचणीत यावी, अशी परिस्थिती होती. ती अडचण मात्र फारशी कोणी मनावर घेतली नाही.

संस्कृत साहित्यशास्त्रात काव्यहेतूंची चर्चा विपुल आहे. दंडीने नैसर्गिक प्रतिभेबरोबर निर्मळ व्यासंग आणि अखंड उद्योग यांनाही स्थान दिले. मम्मटाने शक्ती, निपुणता आणि अभ्यास या तिहींचा मिळून एकच हेतू मानला. जगन्नाथाने केवळ प्रतिभेला मान दिला. मराठी अभ्यासकांना ही मतमतांतरे पाठ असतात, कारण ती परीक्षेत विचारली जातात. आधुनिक काळात मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य'पासून रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'पर्यंत कलाकृतीच्या स्वरूपाची चिकित्सा मोठ्या सामर्थ्याने झाली. परंतु कलाकृती घडविणाऱ्या माणसाला दिवसाचे किती प्रहर मोकळे मिळतात, त्याची प्रकृती कशी असते, त्याने रचलेले प्रथम कोण ऐकतो, हे प्रश्न या विचाराच्या कक्षेत येत नव्हते. तो त्या विचाराचा दोष नव्हे; त्याचे प्रयोजनच वेगळे होते. मात्र सर्जनशीलता कशी जोपासावी, असा प्रश्न केला की हेच प्रश्न आधी पुढे येतात, आणि त्यांची उत्तरे शोधण्यासाठी अकराशे वर्षे मागे जावे लागते.

कनौजच्या प्रतिहार राजसभेत इसवी सन ९००च्या सुमारास नावारूपास आलेल्या राजशेखराची कुळपरंपरा महाराष्ट्राशी निगडित होती. त्याच्या नियोजित अठरा अधिकरणांच्या 'काव्यमीमांसा' या ग्रंथापैकी 'कविरहस्य' हे पहिलेच अधिकरण आज उपलब्ध आहे. १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील पहिला ग्रंथ म्हणून ते प्रसिद्ध झाले. या ग्रंथात काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांच्या भ्रमंतीची एक कथा येते. ती दोघे देशोदेशी फिरतात, आणि त्यांचा विवाह लागतो तो विदर्भातील वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम; दारव्हा-दिग्रसकडून पश्चिमेस निघाले की जिल्ह्याची सीमा ओलांडताच त्याचा मुलूख सुरू होतो. ज्या राजवंशाची ही राजधानी, त्या वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील सर्वसेनाने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य रचले होते. आनंदवर्धनाने त्याचा गौरवाने उल्लेख केला आहे. काव्य मात्र काळाच्या ओघात हरवले. वैदर्भी रीतीचा अभिमान मिरविणाऱ्या प्रदेशाला या हरवण्याचीही आठवण असावयास हवी.

राजशेखराचे वैशिष्ट्य असे की, तो प्रतिभेचा महिमा गाऊन थांबत नाही. तिचे तो कारयित्री आणि भावयित्री असे दोन भेद करतो. पहिली कवीला उपकारक, दुसरी रसिकाला. कारयित्रीतही सहजा, आहार्या आणि औपदेशिकी असे पोटभेद मानतो. पूर्वजन्मीच्या संस्काराने येते ती सहजा, याच जन्मीच्या संस्काराने येते ती आहार्या. 'याच जन्मी' या दोन शब्दांत शिक्षणाची सारी शक्यता सामावलेली आहे. आणि मग दहाव्या अध्यायात तो कवीच्या दिनचर्येकडे वळतो. दिवसाचे चार प्रहर तो वाटून देतो. पहिला विद्यांच्या अनुशीलनासाठी, दुसरा रचनेसाठी, भोजनोत्तर तिसऱ्यात काव्यगोष्ठी, म्हणजे जाणत्यांशी चर्चा, आणि चौथ्या प्रहरी, एकट्याने किंवा मोजक्या मंडळींत, सकाळी रचलेल्याची परीक्षा. का, तर रचनेच्या आवेशात विवेकाची दृष्टी चालत नाही. म्हणून मागाहून अधिक झालेले काढावे, उणे असेल ते भरावे, जागा चुकलेले हलवावे, विसरलेले आठवावे. रात्री, परीक्षेस उतरलेले लिहून काढावे. फळा, खडू, लेखणी, दौत, ताडपत्रे वा भूर्जपत्रे यांनी भरलेली पेटी जवळ असावी, हेही तो सांगतो. आणि लगोलग, हा सारा सरंजाम असला तरी खरा सरंजाम प्रतिभाच, अशी पुस्ती जोडावयास विसरत नाही. अर्धवट रचलेले दुसऱ्यापुढे वाचू नये, आपल्या कृतीला फार मानू नये, हे त्याचे इशारे तर आजच्या कोणत्याही कविसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर छापावेत असे आहेत. ग्रॅहॅम वॉलस या इंग्रज अभ्यासकाने १९२६ मध्ये निर्मितीच्या पूर्वतयारी, परिपाक, स्फुरण आणि पडताळणी अशा चार अवस्था सांगितल्या, आणि त्या आपल्याकडे शिक्षणशास्त्राच्या वर्गात शिकविल्या जातात. त्याच वर्गात राजशेखराचे चार प्रहर कोणी सांगत नाही, हा आपल्या अभ्यासक्रमांचा एक विनोद आहे.

ही कविचर्या राजाश्रयातील नागर पुरुषाची आहे, असा आक्षेप घेता येईल आणि तो खराही आहे. सहा ऋतूंना अनुकूल घर, उद्यान, सेवक, अनेक भाषा जाणणारा लेखनिक हे सारे ज्याला मिळते त्याचीच ही दिनचर्या. परंतु याच अध्यायात राजशेखर असेही बजावतो की, पुरुषांप्रमाणे स्त्रियाही कवी होऊ शकतात, कारण संस्कार आत्म्याला चिकटतो, तो बाई की पुरुष हे पाहत नाही. पत्नी अवंतिसुंदरीची मते तो ग्रंथात आदराने नोंदवितो. म्हणजे दिनचर्या अभिजनांची असली तरी अधिकार सर्वांचा, अशी त्याची भूमिका आहे. या दोहोंमधील अंतर कसे भरून काढावे, हे त्याने सांगितले नाही. तो प्रश्न त्याने पुढील काळासाठी ठेवला.

त्याच्या ग्रंथात कवित्वाच्या आठ माता सांगितल्या आहेत. प्रतिभा त्यांपैकी एक, एकटी नव्हे. अभ्यास, श्रद्धा, विद्वानांशी संवाद, पुष्कळ ऐकलेले असणे, पक्की स्मरणशक्ती या तिच्या बहिणी. पण लक्ष वेधून घेतात त्या उरलेल्या दोन : स्वास्थ्य, म्हणजे धड प्रकृती, आणि अनिर्वेद, म्हणजे खचून न जाणे. काव्यावरील पाच महासंकटेही तो सांगतो. त्यांत दारिद्र्य आहे, आणि अवज्ञाही आहे. अवज्ञा म्हणजे कोणी किंमत न देणे. सर्जनशीलतेच्या जोपासनेचा विचार स्वास्थ्य, अनिर्वेद आणि अवज्ञा या तीन शब्दांपासून सुरू केला, तर यवतमाळ जिल्हा या विषयाच्या परिघावर राहत नाही, केंद्रस्थानी येतो.

कोरडवाहू कापसाच्या या जिल्ह्याचे नाव गेली अनेक वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांशी जोडले गेले आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत यवतमाळ होता. अशा योजनांत सिंचन येते, कर्ज येते, बियाणे येते. अनिर्वेदासाठी तरतूद करणारा रकाना अर्थातच नसतो. वेचणीच्या दिवसांत सकाळी चूल आणि पाणी उरकून शेतात जाणाऱ्या आणि दिवस मावळताना परतणाऱ्या बाईच्या चार प्रहरांत राजशेखराचा कोणता प्रहर बसतो, हे पाहिले पाहिजे. एके काळी तिच्यापाशी पहाटेचा जात्याचा एक प्रहर होता. श्रम होतेच, पण हात गुंतलेले असताना तोंड मोकळे होते आणि समोर खुंट्याला हात लावणारी दुसरी बाई ऐकत होती. पिठाची गिरणी आली, श्रम वाचले, हे चांगलेच झाले. जाते परत यावे असे म्हणण्याचा अधिकार ज्यांनी ते कधी ओढले नाही त्यांना नाही. तथापि, त्या श्रमाबरोबर जी गोष्ठी गेली तिच्या जागी काय आले, हा प्रश्न लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी क्वचितच विचारला. ओव्या गोळा करण्याची घाई झाली. ओवी रचली जाण्याची परिस्थिती गोळा करावी, असे कोणास वाटले नाही.

आता पहिल्या मांडवाकडे. १९७३च्या यवतमाळ संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते. त्याच वर्षीचा साहित्य अकादमीचा संस्कृत पुरस्कार वणीत जन्मलेल्या आणि यवतमाळात वकिली केलेल्या लोकनायक बापूजी अणे यांच्या टिळकचरित्रपर महाकाव्यास मरणोत्तर मिळाला, हा एक सुखद योगायोग. माडगूळकरांच्या बाबतीत समीक्षेची अडचण अशी होती की, ते मागणीवरून लिहीत. पुणे आकाशवाणीच्या सीताकांत लाड यांच्या आग्रहातून १९५५-५६ मध्ये 'गीतरामायण' आकाराला आले. आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते, सुधीर फडक्यांच्या चाली, प्रक्षेपणाचा ठरलेला वार. चित्रपटासाठी तर प्रसंग, चाल आणि लांबीही आधीच ठरलेली. ज्या समीक्षेला स्फुरण हेच सर्जनाचे प्रमाणपत्र वाटते, तिने अशा लेखनासाठी 'गीतकार' ही वेगळी कोठी केली आणि 'कवी' ही पाटी दुसऱ्या दारावर लावली. वास्तविक माडगूळकर हे आहार्या प्रतिभेचे उत्तम उदाहरण ठरावेत. कीर्तन, ओवी, पोवाडा, गावगाड्याची भाषा हे सारे याच जन्मी कानांवरून गेलेले. आणि दर आठवड्याला वाट पाहणारा श्रोता. मागणी ही सर्जनाची वैरीण असते, हा समज श्रीमंतांना परवडतो. बहुसंख्य मराठी रचना, अभंगापासून लावणीपर्यंत, कोणी तरी समोर बसून ऐकणार आहे या अपेक्षेतूनच घडलेली आहे.

दुसरा मांडव जानेवारी २०१९चा. ब्याण्णवावे संमेलन, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना निमंत्रण गेले. इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठी संमेलनास कशाला, असा विरोध पुढे करण्यात आला आणि निमंत्रण मागे घेतले गेले. या माघारीची जी शोभा व्हावयाची ती झाली. तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. येथे विचार करावयाचा आहे तो त्यानंतरच्या निर्णयाचा. उद्घाटन राजूर गावच्या वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेली पत्नी, अंगणवाडीत काम करून मुलांना वाढविणारी बाई, असा त्यांचा परिचय सर्वत्र करून देण्यात आला. त्यांनी केलेले भाषण साधे आणि ताठ कण्याचे होते. परंतु त्या परिचयात एक गोष्ट नेहमी शेवटी, जाता जाता येत असे : श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित 'तेरवं' या नाटकात त्या भूमिका करीत होत्या. तेरवं म्हणजे मृत्यूनंतरचा तेरावा दिवस. ज्या बायकांच्या घरांत असे तेरवं घडले, त्यांनीच हे नाटक रंगमंचावर उभे केले.

साहित्याच्या उत्सवात एका स्त्रीला मान दिला गेला तो तिच्या वेदनेसाठी. तिने जे काही घडविले होते, त्यासाठी नव्हे. संमेलनाला प्रतीक हवे होते, ते मिळाले. रंगभूमीवर उभी राहून स्वतःच्या आयुष्याला अंतरावरून पाहण्याचे, संवाद पाठ करण्याचे, सहकलावंताच्या वाक्याची वाट पाहण्याचे काम ही सर्जनशीलतेची साधना आहे. तिची दखल घेणे मराठी साहित्याच्या धुरिणांना सुचले नाही. राजशेखराच्या शब्दांत हा अवज्ञेचाच प्रकार, फक्त त्यावर शाल घातलेली होती.

येथे एक जुना समज आडवा येतो. दुःखातून काव्य जन्मते, असे आपण वाल्मीकीच्या कथेवरून शिकत आलो. मग दुःखाने भरलेल्या जिल्ह्यात सर्जनाची वेगळी मशागत कशाला? पण अभिनवगुप्ताने 'लोचना'त स्पष्टच म्हटले आहे की, तो शोक मुनीचा वैयक्तिक शोक समजू नये. मुनी स्वतःच दुःखाने व्याकूळ असता तर रसाला जागाच उरली नसती. रडत होती ती क्रौंची. गायला तो तिचे ऐकणारा. 'तेरवं'सारख्या प्रयोगात जे घडते ते याहून अवघड आहे. तेथे रडणारी आणि गाणारी एकच आहे. तिला स्वतःपासून काही पावले दूर जावे लागते, आणि ती पावले तालमीतच टाकता येतात. तालीम म्हणजे वेळ, जागा, सोबत आणि सांगणारा माणूस. दुःखामुळे ती सर्जनशील झाली, असे म्हणणे म्हणजे या सर्वांचे श्रेय दुःखाला देणे होय. पिकाचे श्रेय दुष्काळाला द्यावे, तसा हा न्याय आहे.

जळगावच्या बहिणाबाई चौधरींचे उदाहरण या संदर्भात फिरून पाहण्यासारखे आहे. त्यांनाही तरुणपणी वैधव्य आले, अक्षरओळख नव्हती, शेतीचे काम सुटले नाही. तरी मराठी मनात त्या प्रथम कवयित्री म्हणून उभ्या राहतात, आणि त्यांचे वैधव्य ही चरित्रातील एक नोंद ठरते. हे कसे घडले? त्या गात असताना घरात टिपून घेणारे कोणी होते. १९५१ साली त्या वारल्यानंतर पुत्र सोपानदेवांनी ते कागद आचार्य अत्र्यांना दाखविले, आणि १९५२ मध्ये संग्रह निघाला. कारयित्री प्रतिभा आईची. भावयित्री मुलाची आणि अत्र्यांची. दुसरी नसती, तर पहिलीचे काय झाले असते हे सांगण्यासाठी 'हरिविजया'चे उदाहरण पुरे आहे.

राजशेखर भावकांचे चार प्रकार मोजतो. काहीही न रुचणारा; गवतासकट सगळे गिळणारा; मत्सरी; आणि तत्त्व पाहणारा, जो हजारांत एखादा. विद्यापीठीय मराठी विभागांनी स्वतःला या चौकटीत कोठे बसवावे, याविषयी फार कौतुकाचे बोलता येत नाही. पहिल्या दोन प्रकारांमध्ये त्यांची ये-जा चालू असते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याने निबंधात एखादा वऱ्हाडी शब्द वापरला की लाल शाईने तो अशुद्ध ठरतो. आणि तोच विद्यार्थी स्नेहसंमेलनात वऱ्हाडी कविता म्हणू लागला की विभाग टाळ्यांचा कडकडाट करतो. एकात रुची नाही, दुसऱ्यात विवेक नाही. याच जिल्ह्यातील शंकर बडे यांनी 'बॅरिस्टर गुलब्या' हा वऱ्हाडीतील एकपात्री प्रयोग लोकांपुढे वारंवार केला. बोली केवळ हशा पिकविण्यासाठी असते ही समजूत बडे यांची नव्हती, त्यांच्या श्रोत्यांचीही नव्हती. ती होती आणि आहे शिकलेल्या मध्यस्थांची. कोलामी, गोंडी, बंजाऱ्यांची गोरमाटी या भाषा घरी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर शाळेच्या पहिल्या दिवशीच आठ मातांपैकी बहुश्रुतता नावाची माता दाराबाहेर उभी केली जाते. कारण त्या मुलाने ऐकलेले पुष्कळ काही शाळेच्या लेखी ऐकलेले नसतेच.

भुलाबाईच्या गाण्यांचा येथे उल्लेख करावयास हवा. भाद्रपदापासून कोजागिरीपर्यंत मुली घरोघर ही गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखण्याचा खेळ होतो. या गाण्यांत साखळी असते, पुनरुक्ती असते, आणि सासर-माहेरच्या नात्यांच्या जागी नवी नावे बसविण्याची मोकळीक असते. दहा वर्षांची मुलगी त्या मोकळ्या जागेत आपल्या मैत्रिणीचे नाव अशा रीतीने बसविते की लय मोडत नाही, आणि सगळ्या हसतात. रचना, गोष्ठी आणि परीक्षा हे राजशेखराचे तिन्ही प्रहर अर्ध्या तासात उरकतात. शिकविणारी कोणी नेमलेली नसते. वयाने मोठ्या मुली असतात आणि चुकलेली लय त्या लगेच दाखवितात. सर्जनशीलतेची जोपासना म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ प्रात्यक्षिक कोणत्याही कार्यशाळेत आढळत नाही. गोंड-कोलाम वस्त्यांतील दंडारीविषयीही हेच म्हणता येईल. मात्र तिचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

आपल्या विद्यापीठांत लोकगीतांवर पीएच.डी.चे प्रबंध सादर होतात. त्यांच्या परिशिष्टांत शेकडो गाणी असतात. प्रत्येक गाण्याखाली बहुधा गावाचे नाव असते, तालुका असतो, संकलनाची तारीख असते. म्हणणाऱ्या बाईचे नाव पुष्कळदा नसते. असलेच तर 'निवेदक' या रकान्यात, वय आणि जातीसह. तिने त्या गाण्यात कोणती ओळ बदलली, शेजारच्या गावात ती ओळ कशी म्हणतात, बदल तिला का करावासा वाटला, हे विचारलेले नसते, कारण लोकगीत अनामिक असते अशी व्याख्या पहिल्याच प्रकरणात दिलेली असते. ही व्याख्या बाजूस ठेवून एखाद्या मार्गदर्शकाने पुढील कोजागिरीला आपल्या विद्यार्थ्यास दारव्हा किंवा कळंब तालुक्यातील एकाच गावी सलग महिनाभर बसविले, गाण्यांची संख्या न मोजता एकाच गाण्याचे बदलते पाठ म्हणणारीच्या नावानिशी, आणि अर्थातच तिच्या संमतीने, उतरवून घेतले, आणि ते पाठ त्याच गावातील मुलींना परत वाचून दाखविले, तर तो प्रबंध पृष्ठसंख्येने लहान भरेल. त्याला मान्यता देण्यास संशोधन समिती का-कू करील. तरीही प्रारंभ तेथूनच करावा लागेल.